दान-पिंगच्या खेळण्यांचा खराखुरा अहवाल

ताइनान,
ड्रॅगन-नौकांच्या सणाआधीचा रविवार

ती. पेइ-रोंगताई हिला धाकटा मावसभाऊ चिन-युआन याचा वाकून नमस्कार.

तू, भाऊजींची कंबर आणि तुझ्या कारखान्यातली ती लाकूड कापायची करवत (जिनं मागे तुझं नख नेलं) अशी सगळी मंडळी धडधाकट असतील अशी आशा आहे. इकडे मी, आई आणि दान-पिंग ठीक आहोत. दान-पिंगच्या छातीवर पुन्हा पिसं फुटू लागली आहेत हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पत्राच्या शेवटाकडे उडी मारशील (लहानपणी गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचणारी तू!). ताई, तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही. पण दाणे लपवायची खेळणी पाठवताना तू बजावलं होतंस, की तोंडदेखलं कौतुक नको, घडण कशी आहे ते खरं लिही. पाणीपुरवठा कार्यालयात माझा जन्म गळक्या नळांचे अहवाल लिहिण्यात गेला, त्यामुळे गोडगोड लिहिणं मला जमतही नाही.

आमच्याकडची परिस्थिती तुला फोनवर अर्धीच सांगितली होती. घरमालकानं आईचं न्याहारीचं दुकान परत घेतलं, तिथं दुधाच्या चहाचं चकचकीत दुकान आलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली दोन्ही बोलकी माणसं मुकी झाली. (दान-पिंगला मी माणसांतच धरतो. अंड्याच्या पोळीचं नाव दिलेला राखी पोपट असला म्हणून काय झालं?) तीस वर्षं आई तव्यापाशी उभी, आणि हा गल्ल्याजवळच्या दांडीवर. येईल त्याला दोघंही विचारायची, ‘देखण्या, काय देऊ? अंडं घालू?’ गल्लीतला बिनदाताचा म्हातारासुद्धा देखणाच. न्याहारीच्या दुकानात कुरूप गिऱ्हाईक कधी येतच नाही. दुकान गेलं आणि आई टीव्हीपुढे बसली ती बसलीच. मी काही विचारलं तर ‘हं’. दान-पिंगनं तर स्वतःच्या छातीची पिसं उपटायला घेतली. महिन्याभरात तो सूपात टाकायला सोललेल्या कोंबडीसारखा दिसू लागला. पक्ष्यांची डॉक्टरीण म्हणाली, ‘याला पोटासाठी काही करावंच लागत नाही, म्हणून हा स्वतःला सोलतोय. असंच चाललं तर तिथं पुन्हा पीस उगवायचं नाही.’ ती हे पोपटाबद्दल सांगत होती आणि मला सारखी आई दिसत होती. पोपटासाठी निदान औषध तरी होतं. आईला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

अशात तुझं खोकं आलं. आता एकेक घेतो.

कप्प्यांची पेटी. घडण अव्वल. कडा गुळगुळीत, नख कुठं अडकत नाही, कप्पे ओढायला ना जड ना हलके. पण रंग लालभडक, त्यामुळे दान-पिंग पडद्याच्या दांडीवर चढून बसला आणि वसुलीवाला दारात आल्यासारखा तिच्याकडे पाहत राहिला. हे बघून आई उठली. (ताई, बातम्या चालू असताना उठली!) म्हणाली, ‘पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताट कपाटात कोंडून ठेवायचं, ही पेइ-रोंगला कुणी शिकवलेली रीत?’ सगळे कप्पे उघडून तिनं त्याला हातानं भरवलं. मी म्हणालो, आई, त्यानं स्वतः शोधून खायचंय. तर म्हणते, ‘त्याला हात आहेत का? मला आहेत.’

फिरतं चाक. भोकांचं माप सूर्यफुलाच्या बियांना योग्य आहे, पण जेवायच्या काडीलाही योग्य आहे, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. आईनं एका काडीनं चाक अडवलं आणि दुसरीनं बिया काढल्या. नट-बोल्टचा दांडा. पोलाद उत्तम, गंज नाही. याला काडी चालेना, तेव्हा आई दोन जिने उतरून शेजारच्या स्कूटरवाल्याकडून पाना घेऊन आली आणि परत चढताना गुडघ्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही. ताडाच्या पानांचा विणलेला चेंडू मात्र तिनं पूर्ण उसवला. ‘अशी गाठ मी सणाच्या त्सोंगत्सच्या पानाला मारली असती तर आतला अर्धा भात उकळताना पातेल्यात सांडला असता,’ असं म्हणून तिनं तो नव्यानं विणला. तेव्हा त्या चेंडूबद्दलची तक्रार आता तुझ्याकडे न येता आईकडे जाईल.

या सगळ्या वेळात दान-पिंग तिच्या खांद्यावर बसून देखरेख करायचा. ती त्याच्याशी बोलायची, तुला नावं ठेवायची (वाईट वाटून घेऊ नकोस, फार प्रेमानं ठेवायची), आणि एके सकाळी चाक फिरत असताना तिच्या कानाशी आवाज आला, ‘देखणे, अंडं घालू?’ आई इतकी हसली की काडी खाली पडली. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

आता मुख्य गोष्ट. बुधवारी आई देवळात गेली होती आणि मी रजेवर होतो. मी सगळी खेळणी भरून ठेवली. दान-पिंगनं मान वाकडी करून जिन्यातल्या चपलांचा आवाज ऐकला. आवाज विरला तसा हा खाली उतरला आणि सराईत चोरासारखा एकेक कप्पा ओढत गेला. चाक फिरवलं, जिभेनं नट फिरवून काढला, सगळं खाल्लं. माझ्याकडे बघून एक ढेकरही दिली असती, पण पोपटांना ती येत नसावी. मी खेळणी पुन्हा भरली. आई परतली तर हे महाशय पेटीसमोर असे केविलवाणे बसलेले की विचारू नकोस. ‘अगं बाई, उपाशी बसलाय माझा सोन्या!’ म्हणत तिनं पिशवीही खाली न ठेवता काडी उचलली. आणि तो शहाणा तिच्याकडे टक लावून बघत बसला. ताई, त्याला सगळं येतं. तिला काम मिळावं म्हणून तो येत नसल्यासारखं करतो. मला तेव्हा हसूही आलं आणि रडूही आलं.

तेव्हा घडणीबद्दल माझं मत उत्तम. पेटीचा रंग तेवढा मवाळ कर. तुझ्यामुळे माझं घर पुन्हा घर झालं, हे मी तोंडानं कधी बोलू शकणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. भाऊजींना नमस्कार.

तुझा
चिन-युआन

ता. क. कोणतं खेळणं उघडायला किती वेळ लागला ते मी तुला फोनवर सांगितलं होतं, ते सगळे वेळ आईचे आहेत. खोक्यांवर छापू नकोस.

ता. क. पुन्हा. खरं काम हे, की एखादं असं खेळणं बनव जे एकट्या चोचीनंही उघडणार नाही आणि एकट्या हातानंही नाही. एकानं धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं. जुनी सगळी आता आईला पाठ झालीत, तिनं टीव्हीकडे वळायच्या आत पाठव. आणि पोपटाला येतं हे तिला कळू देऊ नकोस, नाहीतर ती काडी खाली ठेवेल.

पेइ-रोंग, मी मावशी. हे पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. डिंक अगदीच कच्चा होता. पोपटाला सगळं येतं हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, मी काय आंधळी आहे? पण चिन-युआनला बोलू नकोस. पूर्वी तो कामावरून यायचा तो फोनमध्ये तोंड खुपसून बसायचा. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून मी टीव्ही लावायची. आता चपला काढायच्या आधी विचारतो, ‘आज काय काय उघडलंत?’ आणि जेवण होईस्तोवर माझ्याशी बोलत बसतो. म्हणून तू चांगली अवघडच पाठव. लवकर उघडली नाहीत तरी चालेल.