तीन बांगड्या वाढल्या

बोरिवली (पूर्व)
८ जून २०२५

तीर्थरूप आईंना,
दर्शनाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही आणि बाबा भातलावणीसाठी गावी सुखरूप पोचलात हे कळलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजाऱ्यांना वाटतं, लग्नाला महिना झाला नाही तोच सुनेनं तोंड सोडलं. म्हणून पत्रच बरं.

धातू कातायचं माझं लेथ मशीन आलं. गॅलरीत तुमचं शिवणाचं मशीन होतं तिथे जाड बाकावर बोल्ट आवळून बसवलं. शिवणाचं मशीन आतल्या खोलीत, खिडकीपाशी आहे. त्याला धक्काही लागलेला नाही.

आता तुमच्या मुलाचं गाऱ्हाणं. निघताना तुम्ही त्याला म्हणालात, मशीनवर नारळ वाढव. त्याने तो खरोखर मशीनवर वाढवला! ज्या गुळगुळीत पट्ट्यांवर टूल मागेपुढे सरकतं त्याला बेड म्हणतात. तो मी सकाळपासून रॉकेलने पुसून, कारखान्याचं चिकट ग्रीस काढून लख्ख केला होता. हात धुवायला गेले आणि निलेश त्यावर नारळ आपटून मोकळा. सगळं पाणी खाचांत. दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस डाग. विचारलं तर म्हणतो, आईनेच सांगितलं होतं.

तुमची अट माझ्या लक्षात आहे. श्रावणात परत आल्यावर तुम्ही बघणार, आणि मशीन घरात राहील की जाईल ते ठरवणार. घर तुमचं, गॅलरी तुमची. कबूल. पण मालाडच्या त्या वृद्धांच्या संस्थेत चाकांच्या चांगल्या खुर्च्या भंगारात निघाल्यात, का, तर चाकातली पितळी नळी, म्हणजे बुश, झिजली. तेवढा भाग सुटा मिळत नाही. मी तो घरी करू शकते. माझ्या घाटकोपरच्या माहेरी पदवी घेतलेली मी पहिलीच. ती भिंतीवर टांगून ठेवण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावी, इतकंच माझं म्हणणं आहे.

बाबांना नमस्कार. रागवा, पण लोभ कमी करू नका.

आपली,
दर्शना

---

मु. कट्टा, ता. मालवण
१६ जून

चि. सौ. दर्शना हिस,
सासूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं आणि नारळाची गोष्ट वाडीभर झाली. अगो, मशीनवर म्हणजे मशीनच्या टाळक्यात नव्हे, मशीनपुढे. पण त्याला शब्दाला शब्द धरायची खोड लहानपणापासून आहे. दुधावर लक्ष ठेव म्हटलं, तर ते उतू जाईपर्यंत टक लावून बघत बसायचा. आता तो तुझ्या पदरात आहे, तूच बघ. डागावर खोबरेल चोळ, निघेल. आम्ही विळीला तेच लावतो.

आता मुद्द्याचं. निलेशने ह्यांच्या मोबाइलवर फोटो पाठवला. त्यात तू मशीनशी उभी आहेस आणि तुझी मनगटं मोकळी. हिरवा चुडा कुठे गेला? मंगळागौरीपर्यंत तो हातात असायचा, हे लग्नातच सांगितलं होतं. आपल्या हाताने तो घटकाभरही उतरवायचा नसतो. मशीनचं काय ते मी तुझे हात बघून ठरवीन. इंजिनियर झालीस म्हणून दिसेल ते खोलून ठेवायचं नसतं.

पोटभर जेवत जा. फोटोत वाळलेली दिसतेस.

तुझी,
आई

---

बोरिवली
२३ जून

तीर्थरूप आईंना,
नमस्कार, आणि एक कळकळीची विनंती: खोबरेल नाही!

मी बारीक पॉलिश पेपरने डाग काढला, मशीनचं पातळ तेल लावलं, आणि तेवढ्यात निलेशने तुमचं पत्र वाचून त्यावर खोबरेल चोळलं. ते चिकट होतं, त्यावर धूळ आणि कातलेल्या धातूचा कीस बसतो, आणि बेड घासला जातो. शिवाय गॅलरीला न्हाणीघराचा वास. पुन्हा सगळं पुसलं. रोज काम झालं की ब्रशने कीस झाडायचा आणि पातळ तेलाचा हात फिरवायचा, एवढंच त्याला लागतं. माझ्यापेक्षा कमी लाड.

मशीन आधी जरा पिळात बसलं होतं. सळई कातली की एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. पायांखाली पत्र्याचे पातळ तुकडे सरकवत बसले, तेव्हा कुठे दोन्ही टोकं सारखी आली. मी नाचलेच. निलेशने विचारलं, काय झालं? म्हटलं, काहीच फरक नाही रे, तेच तर झालं!

आता चुडा. आई, नियम मी केलेले नाहीत. सळई पकडून जे गरगर फिरतं त्याला चक म्हणतात. त्याच्या हाती काय लागलं ते तो बघत नाही, लागलं की ओढतो. म्हणून सैल बाही नको, ओढणी नको, केस टोपीत, हातमोजेसुद्धा नकोत. चक आवळायची चावी काढल्याशिवाय स्विचला हात नाही. डोळ्यांवर गॉगल. हे सगळं मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंय, आणि हातात काही नको हेही त्यातच आहे. मी कामापुरता चुडा काढायचे आणि लगेच पुन्हा घालायचे. निलेशने फोटो नेमका मधल्या वेळेत काढला. त्याच्या टायमिंगला काय म्हणावं?

पण तुमचा जीव त्यात आहे, हे मला कळतं. म्हणून मधला मार्ग काढलाय. बांगड्या जमेल तितक्या वर सारायच्या आणि वरून घट्ट इलॅस्टिकची बाही. चुडा हातातच, मनगट मोकळं. आता तरी मशीनबद्दल मनात चांगलं आणा.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
दर्शना

---

बोरिवली
२ जुलै

तीर्थरूप आईंना नमस्कार.

मालाडच्या पहिल्या खुर्चीला माझे बुश बसले. तिथले एक आजोबा स्वतः चाक ढकलत दारापर्यंत गेले आणि दारातून परत आले. कुणाला हात लावू देईनात. तुम्ही बघायला हव्या होतात.

उजव्या हातातल्या तीन बांगड्या वाढल्या. बाकी सगळं ठीक. काळजी नसावी.

अक्षर तिरकं आलंय, घाईत आहे. सांभाळून घ्या.

दर्शना

---

बोरिवली
४ जुलै

तीर्थरूप आईस,
निलेशचा नमस्कार.

पत्र लिहायची मला सवय नाही, पण आता सहन होत नाही. तू लिहितेस खोबरेल लाव, ही म्हणते पूस. तू म्हणतेस चुड्याकडे लक्ष ठेव, ही म्हणते माझ्या हातांकडे बघू नकोस, गॉगल लाव. या घरात मी नक्की कोण आहे? तुमची टपालपेटी?

त्यात आता सगळी भांडी माझ्याकडे. टाके ओले करायचे नाहीत असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यात काढतील. तिने तुला लिहिलंच असेल. कढई कशाने निघते ते कळव.

बाबांना नमस्कार.

निलेश

---

कट्टा
९ जुलै

दर्शना,
आशीर्वाद नंतर.

कुणाचे टाके? तू लिहिलंस, तीन बांगड्या वाढल्या, काळजी नसावी. मी देवापुढे हळदकुंकू वाहिलं आणि म्हटलं, चालायचंच, श्रावणात कासाराकडे नव्या भरू. आणि माझ्या मुलाची कढई निघत नाही म्हणून मला कळतं की सुनेचा हात शिवलाय!

वाढल्या म्हणजे काय गो? फुटल्या म्हण. हात कापला म्हण. रक्त आलं म्हण.

तो शब्द मला शिकवू नकोस. लग्न झालं त्याच महिन्यात मी कांदिवलीला औषधाच्या बाटल्या भरायच्या कामाला लागले. पहिल्याच दिवशी गेटवर सुपरवायझरने साबणाचं पाणी पुढे केलं. बांगड्या काढ, नाहीतर घरी जा. बाटलीत काच जायला नको हे आज कळतं. त्या दिवशी कुणी समजावलं नाही, कुणी विचारलं नाही. रडत काढल्या आणि गावी सासूला कळवलं, चुडा वाढला. तिला खरं वाटलं. माझ्या सुनेवर ही पाळी येऊ देणार नाही, असं मी मनाशी धरून बसले होते. आणि मीच तुझा हात त्या चकाजवळ बांगड्यांसकट पाठवला.

मशीन बंद कर. वायर काढून ठेव. आणि काय झालं ते जसं झालं तसं लिही. गोड करून लिहिलंस तर वाचणार नाही.

आई

---

बोरिवली
१४ जुलै

तीर्थरूप आईंना,
नमस्कार.

फुटल्या.

मी खुर्चीच्या चाकाची पोलादी पिन कातत होते. पितळेचा कीस बारीक उडतो. पोलादाचा लांब वेटोळ्यांनी निघतो, गरम, आणि ब्लेडसारखा धारदार. वेटोळं वाढलं की मशीन थांबवायचं आणि आकड्याने ते ओढून काढायचं. मी म्हटलं, एवढा फेरा होऊ दे. मशीन चालू असतानाच हात पुढे केला, बाही सरकली, बांगडी खाली घसरली आणि वेटोळ्यात अडकली. हात चकाकडे ओढला जायला लागला. डाव्या हाताने लाल बटण दाबलं. त्याआधीच काच फुटली, म्हणून हात कापला, पण सुटला. लग्नात तुम्ही माझ्या हातात घातलेल्या सोन्याच्या पाटल्या कपाटात होत्या. त्या हातात असत्या तर फुटल्या नसत्या.

तुमच्यामुळे काही झालं नाही. भिंतीवर नियम मी लावले, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून त्यातला एक अर्धाच पाळला. मग लाज वाटली, म्हणून तो शब्द लिहिला. त्या शब्दात सगळं किती छान मावतं!

वायर काढली आहे. निलेशने ती कुठेतरी लपवलीही आहे आणि आता त्याला आठवत नाही. त्याच्यापुढे मी हात टेकले.

पण आई, एक सांगायलाच हवं. मशीन पुन्हा लावीन तर चुडा पूर्ण उतरवून. ते चालणार नसेल, तर मशीन जाऊ दे. मी स्वतः पुसून, तेल लावून खोक्यात भरीन. भरताना रडेन, तेवढं रडू द्या. मधले मार्ग आता काढणार नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत खुर्च्यांना थांबायला सांगितलंय.

उत्तर कसंही असलं तरी तुमचीच,
दर्शना

---

कट्टा
१९ जुलै

चि. सौ. दर्शना हिस,
मागच्या वेळचे राहिलेले आणि आजचे, असे सगळे आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचू दिलं नाही. चष्मा लावून मीच वाचलं. पाटल्यांपर्यंत आले आणि कागद खाली ठेवून ओसरीवर जाऊन बसले. पुढचं नंतर वाचलं.

उरलेला चुडा आजच काढ. साबण लाव आणि आपल्या हाताने काढ. कुणी काढायला लावला म्हणून नव्हे, तुझं काम आहे म्हणून. वाईट वाटलं तर वाटू दे. पण निलेशला काही होईल असलं भलतं मनात आणू नकोस. माझा चुडा उतरला त्याला किती वर्षं झाली, आणि हे आत्ता दारात उभे राहून तिसऱ्या चहासाठी खाकरताहेत.

मशीन राहील. माझं एक कलम मात्र भिंतीवर लाव. मी घरात असेन तेव्हा स्विच लावण्याआधी दोन्ही हात मला दाखवायचे, पुढून आणि मागून, शाळेत नखं दाखवतात तसे. तू वैतागशील. वैताग. निलेशने घड्याळ घालून गॅलरीत पाऊल टाकलं तर त्याची धडगत नाही. वायर न मिळाल्यास तांदळाच्या डब्यात बघ, तो लहानपणी सगळं तिथेच लपवायचा.

आम्ही पुढच्या शनिवारी निघतो. मंगळागौरीला बायका येतील, तुझी मनगटं बघतील आणि मग एकमेकींकडे बघतील. तू काही बोलू नकोस, तू फार समजावत बसतेस. मीच सांगेन, फुटल्या. मशीनवर फुटल्या. बघायचं असेल तर गॅलरीत या, पण बांगड्या दाराशी काढून.

तुझी सासू,
प्रेमा