तिरके आटे

दि. ३ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

फोन सोडून हिला पत्राचं खूळ कुठून लागलं, असं म्हणाल. आमचं घर तुम्हाला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात फोनवर कुजबुजलं तरी गॅरेजात ऐकू जातं, आणि सध्या तुमचे बंधुराज गॅरेजातच मुक्कामाला आहेत.

गेल्या आठवड्यात एक खोकं आलं. यांचा दवाखाना बंद होऊन आठ महिने झाले, तरी दाताचं सामान अजून अधूनमधून येतं, तसलंच काही असेल असं वाटलं. उघडलं तर आत वहीएवढी काळी जाळी आणि पोलादी तारेची वीण घातलेले दोन जाड पाइप. ऑइल कूलर म्हणे. घाटाच्या चढावर गाडी जोरात हाणली की इंजिनचं तेल तापून पातळ होतं आणि काटा लाल पट्ट्यात शिरतो. हे बसवलं की तेल पाइपातून पुढच्या जाळीत येतं, वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. इतकं मला समजलं. गॅरेजातल्या त्या दोन दारांच्या पिवळ्या बाईसाहेबांना इतकी वर्षं जे लागलं नाही ते आत्ताच का लागावं, हे मात्र समजलं नाही.

केमो संपून चार महिने झाले. केस आले, तोंडाला चव आली, पण बोटांची जाणीव आलेली नाही. नसा आहेत, वेळ लागेल, कदाचित पूर्ण येणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. सकाळी शर्टाची बटणं लावताना हे बोटांकडे टक लावून बघतात. मी मदतीला गेले की अंग ताठ करतात. आणि हाच माणूस आता गाडी स्टँडवर चढवून, बंपर उतरवून तिच्या पोटाखाली आडवा. मेकॅनिककडे द्या म्हटलं, तर म्हणाले की जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून काम केलं, इथे निदान जबडा तरी मिटत नाही.

मी माझ्या दुकानातून दुरुस्तीचे चष्मे घरी आणते आणि गॅरेजच्या दारात बसून स्क्रू आवळते. आतून नट पडल्याचा आवाज येतो, मग शांतता, मग पुन्हा तोच नट पडतो. मान वर करायची नाही असं ठरवलंय.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर धाडा. लोभ आहेच, त्याला थोड्या धीराची जोड द्या.

तुमची,
वहिनी

दि. ६ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

बापूला लहानपणी घरातलं घड्याळ उघडायची खोड होती. परत जोडल्यावर दोन चाकं शिल्लक राहायची आणि घड्याळ तरीही चालायचं, म्हणून त्याचा स्वतःवर विश्वास बसला तो बसलाच. तेव्हा त्याला गाडीखालून ओढून काढायच्या भानगडीत पडू नकोस.

पण दोन गोष्टी कर. तो खाली असताना गाडी नुसत्या जॅकवर नाही ना, हे रोज स्वतः बघ. आणि आग विझवायचं नळकांडं दाराशी आणून ठेव. तेल आणि तापलेलं इंजिन एका जागी आहे, आणि मी ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून आयुष्य काढलं ते कायम वाईटाची तयारी ठेवूनच.

बाकी त्याला करू दे. आठ महिने तो कुणाचा तरी पेशंट आहे. दंतवैद्याला ती खुर्ची उलट्या बाजूने फार लागते. माझी दाढ अधूनमधून ठणकते आहे, पण तिची तक्रार करायला सध्या डॉक्टर मोकळे नाहीत.

पत्र टाकत जा, मला ते चहासारखं लागतं.

ताई

दि. १२ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. काल काम झालं. जाळी पुढे बसली, पाइप जोडले, नवं तेल भरलं, इंजिन सुरू केलं. दिवा विझला, म्हणजे तेलाचा दाब आला. यांनी खाली वाकून बॅटरीचा झोत फिरवला, सगळं कोरडं म्हणाले आणि दमून आत जाऊन झोपले. हल्ली दुपारी झोपावंच लागतं.

मी इंजिनखाली पुठ्ठा अंथरला होता. तासाभराने बघते तर त्यावर रुपयाएवढा डाग, आणि बघता बघता दुसरा थेंब पडला. आडवी होऊन पाहिलं. इंजिनला जिथे पाइप जोडतात तिथला खालचा, डावीकडचा नट डोळ्यांना दिसेल इतका तिरका बसला होता. आटे एकमेकांत न बसता एकमेकांवर चढले होते. चष्म्याच्या दांडीत स्क्रू असा चढला तर बोटाला तत्क्षणी कळतं, कुरकुरतं ते. यांना कळलं नाही. आणि त्याच्या वीतभर खालून सायलेन्सरचा पाइप जातो. घाटात तो लालभडक तापतो.

त्यांना उठवायला गेले आणि दारातून परत फिरले. ताई, इतके गाढ झोपले होते, हात उशीवर उताणे टाकून. मी परत आले, भांडं खाली धरून नट उघडला, पुसला, नीट बसवला, पान्याने आवळला. पुठ्ठा बदलला. गेलेलं तेल मापून भरलं.

उठल्यावर त्यांनी पुठ्ठा पाहिला. एक थेंब नाही. तिथेच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. असे हसलेले मी वर्षात पाहिले नव्हते. उद्या घाटात जायचं म्हणतात. नट पक्का आहे, त्याची मला खात्री आहे. पण त्यांना सांगू की नको? लवकर लिहा.

तुमची,
वहिनी

दि. १४ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस. नट पक्का आहे, गाडी सुरक्षित आहे, मग कुणाचं काय बिघडलं? औषधाच्या गोळीला साखर लावतात ती काही फसवणूक नव्हे. हसतोय तर हसू दे. मनावर घेऊ नकोस, आणि पुढच्या पत्रात घाटाची हकीकत कळव.

ताई

दि. २० मार्च

ती. ताईस,
बापूचा शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. रोज एक पान हाताने लिहा, असं मला व्यायाम म्हणून सांगितलंय, त्यामुळे आजचं पान तुझ्या नशिबी.

तुझ्या वहिनीने तुला सांगितलंच असेल. कूलर मी बसवला, सगळे नट याच बोटांनी. घाटात तीनदा वर-खाली केलं, काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. वरच्या वळणावर गाडी थांबवून खाली वाकून पाहिलं, सगळं ठणठणीत कोरडं. ताई, मी हे गाडीसाठी केलं नव्हतं. मनाशी एक पैज लावली होती. तेलाच्या दाबाखाली माझे जोड टिकले, तर हात परत आले असं समजायचं आणि दवाखाना उघडायचा. डॉक्टर काय, अजून थांबा असंच म्हणत राहणार. त्यांची यंत्रं कागदावर रेघा काढतात, माझ्याकडे घाटाचा पुरावा आहे.

येत्या सोमवारी उघडतोय. तीन पेशंट ठरलेत. त्यातला एक नऊ वर्षांचा आहे, मागच्या गल्लीतल्या शिंप्याचा मुलगा. पण पहिली खुर्ची तुझी. ती दाढ किती दिवस कुरवाळणार? रविवारी ये, सोमवारी सकाळी नऊला तोंड उघड.

लोभ वाढवायला तोंड उघडावं लागतं, हे ध्यानात असू दे.

तुझा,
बापू

दि. २२ मार्च

वहिनी,

आशीर्वाद नंतर. दुकानात फोन केला तर तू घाऊक बाजारात गेलेली. घरी केला असता तर त्यानेच उचलला असता, म्हणून हे कुरिअरने धाडते.

बापूचं पत्र आलं. त्याने त्या नटावर काय तोलून धरलंय हे तुला माहीत आहे का? सोमवारी तो ड्रिल हातात घेणार आहे. नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडात. आणि त्याच्याजवळचा एकमेव पुरावा तू आवळलेला आहे.

चूक माझी. मी तुला गप्प राहायला सांगितलं. मला वाटलं हा आनंदाचा प्रश्न आहे. मी थिएटरात सर्जन लोकांचे हात बघत आले आणि माझ्या भावाचा हात मला ओळखू आला नाही. आता तू सांग. मी सांगितलं तर तो म्हणेल, बायकोने बहिणीला सांगितलं आणि मला नाही, आणि ते त्याला जन्मभर सलेल. पण शनिवारपर्यंत तुझ्याने झालं नाही, तर रविवारी मी येते आहे आणि मी सांगेन.

रागावू नकोस. रागावलीस तरी सांग.

ताई

दि. २६ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. दवाखान्याचं मला आदल्या आठवड्यातच कळलं होतं, यांनी दाराची पाटी घासूनपुसून लावली तेव्हा. रोज सकाळी मी आज सांगेन म्हणायचे आणि रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायचे. शनिवारी फोनवर तुम्हाला एवढंच म्हटलं की सांगितलं, येऊ नका. पुढचं बोलवेना. आज लिहिते.

मी दवाखान्यात गेले तेव्हा हे खुर्ची पुसत होते. ट्रेमध्ये सरावाचे प्लास्टरचे दात मांडलेले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बसले असते तर बोलले नसते. त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि कुठला नट, एवढंच विचारलं. खालचा, डावीकडचा, म्हटलं. तेल सायलेन्सरवर पडत होतं का, असं विचारलं. अजून नव्हतं, पण पडलं असतं, म्हटलं. मग दिवा मालवून, कुलूप लावून आम्ही घरी चालत आलो.

घरी आल्याबरोबर गाडी स्टँडवर घेतली. मला बॅटरी धरायला लावली आणि तोच नट उघडला. मग डोळे मिटून हाताने बसवला आणि, बसला, असं म्हणाले. मी पाहिलं. तिरका होता. मी नाही म्हटलं. पुन्हा काढला, पुन्हा बसवला, पुन्हा ठामपणे बसला म्हणाले. पुन्हा तिरका. किती वेळा झालं मी मोजलं नाही. काही वेळा बरोबरही बसला, पण ताई, बरोबर बसला तेव्हाही त्यांचा आवाज तसाच आणि तिरका बसला तेव्हाही तसाच. त्यांना फरकच कळत नव्हता. मी दर वेळी खरं ते सांगत राहिले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नाही म्हणायला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

शेवटी नट माझ्या तळहातावर ठेवला आणि बाहेर गेले. तिन्ही पेशंटना स्वतः फोन केले, आपण अजून तयार नाही असं स्पष्ट सांगितलं. शिंप्याच्या बायकोशी तर बराच वेळ बोलले, पोराला कुणाकडे न्यायचं ते समजावत होते.

तेव्हापासून अबोला. जेवतात, ताट उचलून ठेवतात, आमटी अळणी असली तरी मीठ मागत नाहीत. माझं काही चुकलंच, पण कुठलं चुकलं, आवळलं ते की सांगितलं ते, हे मला अजून उमगत नाही.

तुम्ही येऊ नका, आणि दूरही जाऊ नका.

तुमची,
वहिनी

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पान व्यायामाचं नाही. तुझ्यावर आणि तिच्यावर मी दोन आठवडे रागावलेलो होतो. त्यातला तुझ्यावरचा थोडा शिल्लक आहे, तो भेटीत वापरीन.

तुझ्या वहिनीला वाटतं की तिने मला मोडलं. तिला मी काल सांगितलं ते तुलाही सांगतो. ती दवाखान्यात आली त्या दुपारी मी सरावाच्या पाच दातांवर हात चालवला होता. त्यातल्या तीन दातांत ड्रिल हवं त्याहून खोल गेलं. मी ते तीन उचलून कचऱ्यात टाकले, ड्रिलचं टोक झिजलंय असं स्वतःला समजावलं आणि गॅरेजातला कोरडा पुठ्ठा आठवला. ताई, तो पुठ्ठा नसता तर मी त्या तीन दातांकडे नीट पाहिलं असतं. ती आली नसती तर सोमवारी त्या पोराला खुर्चीत बसवलं असतं. माझ्या हातांनी मला फसवलं नाही, ते बिचारे बधिर आहेत. फसायची घाई मलाच होती.

दवाखाना पुढच्या महिन्यात उघडेल, पण खुर्चीशी दुसरी डॉक्टर उभी असेल. माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी आहे, नुकती शिकून आलेली, हात हलका, जीभ तिखट. मी एक्स-रेचे फोटो बघणार, निदान करणार आणि पेशंटशी गप्पा मारणार. हे लिहिताना सोपं वाटतं. पहिल्या दिवशी ड्रिलचा आवाज येईल तेव्हा मी कुठे उभा राहीन, ते अजून ठरलेलं नाही. नसांची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची. हात आले तर आले.

त्या जोडाचे आटे माझ्या खटाटोपात शेवटी खराबच झाले, म्हणून नवा जोड मागवला. तो काल आम्ही दोघांनी बसवला. नट आधी उलटा फिरवला की आटे जिथे जुळतात तिथे टिक असा बारीक आवाज होतो, आणि मग सुलटा आवळायचा. हे मी पूर्वी बोटांनी करायचो, आता कान लावून करतो. जमतं. दात असा उलटा फिरवून बघता येत नाही, म्हणून तिथे हात घालणार नाही.

आज सकाळी घाटात जाऊन आलो. तुझी वहिनी शेजारी बसली होती. मी वाकडी वळणं जरा जास्तच जोरात घेतली, तिने दाराचा दांडा सोडला नाही. वर पोचल्यावर दोघांनी खाली वाकून पाहिलं. थेंब नाही. उजवीकडचा जोड मी आवळलाय आणि तिने तपासलाय. डावीकडचा तिने आवळलाय. हे तुला लिहून कळवतोय, कारण यापुढे कुणी काय आवळलं हे घरात सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

उत्तर घरच्या पत्त्यावर धाड. दोघांच्या नावाने.

तुझा,
बापू