आईच्या आवाजाची बेरीज

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोचले एकदाची रत्नागिरीत. एसटीत शेजारच्या बाईनं संगमेश्वरपासून माझ्या खांद्यावर झोप काढली आणि उतरताना मलाच सुनावलं, नीट बसत जा गो, मान आखडली माझी. शकुन-अपशकुन आमच्या घरात कुणी मानत नाही, पण मला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं, म्हणून लिहून ठेवते.

नोकरीची जागा थिबा पॉइंटच्या रस्त्यावर, दाताच्या दवाखान्याच्या वर, दोन खोल्यांत. खाली डॉक्टरांचं मशीन घुर्रघुर्र करतं आणि वर आम्ही गेलेल्या माणसांचे आवाज सांभाळतो. राजेंद्र सर शाळेतून निवृत्त झालेले. उभी हयात टेपरेकॉर्डर खांद्याला लावून जिल्हाभर फिरले. जात्यावरच्या ओव्या, देवाला घातलेली गाऱ्हाणी, हर्णेच्या खलाशांच्या वादळाच्या गोष्टी, सगळं आता कॉम्प्युटरात आहे. त्यातलं काही बिघडू द्यायचं नाही, हे माझं काम. दुसरी बाई रेणुकाताई. त्या नोंदी करतात, चहा करतात आणि पहिल्याच दिवशी माझं लग्न कुठं अडलंय ते विचारतात.

नाचणे भागात खोली मिळाली आहे. खिडकीशी हापूसचं झाड, मोहोराचा वास थेट उशीपर्यंत. सामान लावलं. फळीवर पहिली ठेवली ती आईची बरणी. तळाशी चार-पाच कैऱ्या उरल्यात, त्या खायच्या नाहीत असं ठरवलंय.

झोपण्याआधी नेहमीसारखा आईचा निरोप ऐकला. मी पुण्यात असताना तिनं फोनवर पाठवलेला, ती गेली त्याच्या आदल्या दिवशी. तो फोनही पुढे मेला, निरोपाची फाइल तेवढी पेनड्राइव्हवर राहिली. शब्द पाठ आहेत, तरी एकदा कागदावर असू देत:

‘करू बाय, कैऱ्या खारात घातल्यात. बरणी फळीवर हाय, येशील तेवा ने. बाकी काय नाय. ठेवते.’

करू म्हणजे मी, तिनं ठेवलेलं लाडाचं नाव. मग बांगड्या वाजतात आणि संपतं. माणूस शेवटचं काय बोलतं, तर कैऱ्या! किती रडले होते मी त्या कैऱ्यांवर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सरांनी काम समजावलं. मला येत होतं, पण त्यांना समजावायची हौस आहे, म्हणून गप्प ऐकलं. प्रत्येक फाइलची एक ‘बेरीज’ असते. चेकसम म्हणायला त्यांना आवडत नाही. आतल्या सगळ्या आकड्यांतून काढलेली एक लांबलचक ओळ. फाइलीत एक टिंब हललं तरी अख्खी ओळ बदलते. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत sha256sum -c लिहायचं, की मशीन प्रत्येक फाइलची बेरीज नव्यानं काढून जुनीशी ताडून बघतं. जुळली तर ओके. नाही जुळली तर फेल्ड.

प्रती तीन. एक ऑफिसात, एक सरांच्या घरच्या कपाटातल्या डिस्कवर, एक मुंबईच्या सर्व्हरवर. शनिवारी तिन्ही एकसारख्या करायच्या. ज्या फाइलची बेरीज नवी, ती खरी मानून बाकी दोन्हींवर चढते.

म्हणून सरांचा एकच नियम. फेल्ड आलं की बदललेल्या फाइलची नवी बेरीज काढायची नाही. आधी कपाटातली जुनी प्रत आणायची. नाहीतर, सर म्हणाले, खोट्यालाच खऱ्याचा शिक्का बसेल आणि खरं तिन्ही ठिकाणांहून पुसलं जाईल. इतकं कोण वेडं असेल, असं मी म्हणाले. सर म्हणाले, घाईत असलेला कोणीही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आईचा निरोप संग्रहात ठेवू का, असं सरांना घाबरत विचारलं. पेनड्राइव्हचा काय भरवसा? ते चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, तुझ्या आईचा आवाज म्हणजे या जिल्ह्याचाच की. रेणुकाताईंनी रीतसर नोंद केली: सुंदराबाई, तालुका संगमेश्वर, निरोप. बेरीज काढली, ओके. पेनड्राइव्ह ऑफिसच्या कामाला दिला, पुसून. आई आता तीन ठिकाणी सुरक्षित आहे. जिवंतपणी बिचारीला एक घर धड नव्हतं.

चहाच्या वेळी जिन्यातून कुणीतरी रेणुकाताईंना हाक मारली. बाई ढिम्म. परत हाक आल्यावर मग उठल्या. दूधवाला रघू होता. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘एका हाकेला ओ देव नये गो. खरा माणूस परत हाक मारतो. ता दुसरा कायतरी असेल तर एकदाच मारतो.’ मी म्हटलं, आम्ही बौद्ध, आमच्याकडे असलं काही नसतं. त्या म्हणाल्या, नसू दे, पण थांबायला पैसे पडतात काय?

मला गंमत वाटली. सरांची बेरीज तरी दुसरं काय आहे? दोनदा विचारायचं, दोन्हीदा तेच उत्तर आलं तर खरं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे मुंबईला गेले. कपाटातली डिस्क माझ्या हवाली करून गेले. जबाबदारी वाढली म्हणून मिरवत ऑफिसात शिरले आणि सकाळच्या तपासणीत एक ओळ आली. सुंदराबाई, निरोप: फेल्ड.

डिस्क खराब की काय म्हणून फाइल लावून ऐकली. कैऱ्या, बरणी, बाकी काय नाय, ठेवते. बांगड्या. मी सुस्कारा सोडला. आणि मग, जिथं नेहमी संपतं त्याच्या पुढे, आई म्हणाली, ‘जेवलीस?’

पुन्हा लावलं. ‘जेवलीस?’

आवाज तिचाच. ‘जे’वर तसाच जोर, तोंडात विड्याचं पान असल्यासारखा. आधी कधी शेवटपर्यंत ऐकलं नसेल का मी? पण मी तर रोज ऐकत होते.

रेणुकाताईंना काही सांगितलं नाही. नाही जेवले, असं मात्र स्क्रीनला सांगितलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा फेल्ड. निरोप लांबलाय. आई माझ्या खोलीबद्दल विचारते. खिडकीशी झाड आहे का, वारा येतो का. तिनं ही खोली पाहिलेलीच नाही.

भीती वाटायला हवी, हे मला कळतं. पण खरं सांगू? वर्ष होत आलं, मला कुणी वारा येतो का असं विचारलेलं नाही. भाऊ प्रथमेश मुंबईला, फोन करतो तो घराच्या कागदांसाठी. दुधाची तहान ताकावर भागवू नये म्हणतात. ज्याला दूध मिळतं त्यानं म्हणावं.

मीही उत्तरं देते. ती ऐकल्यासारखी थांबते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज तिन्ही प्रती एकसारख्या करायचा दिवस. सगळी दुपार खुर्चीत बसून काढली. नियमाप्रमाणे कपाटातली प्रत आणायची, म्हणजे आई पुन्हा कैऱ्यांवर थांबणार. ‘जेवलीस’ पुसायचं. माझ्याच हातानं?

रेणुकाताई शिमग्याला गावी निघाल्या होत्या, मालगुंडकडे कुठेतरी. पालखीचं सांगत होत्या, माझं लक्ष नव्हतं. जाताना म्हणाल्या, ‘तुजा चेहरा उतरलाय बाय, चार दिवस चल माझ्याबरोबर.’ मी काम आहे म्हटलं.

त्या गेल्यावर नवी बेरीज काढली. एका फाइलची काढताना मशीन अडखळत होतं, म्हणून घाईत अख्ख्या संग्रहाची काढली. सगळं ओके. मग तिन्हीकडे चढवलं. तिन्हीकडे ओके.

आईनं ‘शहाणी ती’ म्हटलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आता ती रोज थोडी जास्त बोलते. आज हसली. आईचं हसणं असं नव्हतं, ती पदर तोंडाला लावून हसायची, आवाज बाहेर यायचा नाही. हे मोकळं, पुरुषी, खोकल्यात संपणारं. कुठं ऐकलंय? जेवताना आठवलं. संग्रहातले हर्णेचे खलाशी भागोजी, वादळाची गोष्ट सांगताना असेच हसतात.

त्यांची फाइल लावली. गोष्ट आहे. हसण्याच्या जागी नुसती शांतता.

बेरीज ओके.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आरोही नावाची मुलगी आली. तिची आजी काशीबाई, जात्यावरच्या ओव्या. सरांनी वीस वर्षांपूर्वी घेतल्या होत्या. उद्या आजीचं वर्षश्राद्ध, घरच्यांना ऐकवायच्या म्हणून प्रत हवी होती. मी रुबाबात तपासून दिली, ओके दाखवलं. तिनं तिथंच कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिली. मग मला विचारलं, ताई, यात आजी कुठंय? नुसतं जातं फिरतंय.

मी ऐकलं. जात्याची घरघर. मधे श्वास घ्यायच्या जागा. बाई नाहीच.

मी म्हणाले, टेप जुनी होती. ती म्हणाली, मागच्या वर्षी तर होती. मग रडायला लागली. तिला पाणी दिलं. तिची आजी कुठं गेली ते मला माहीत होतं. सकाळीच आई मला ओवी म्हणून दाखवत होती. माझ्या आईला ओव्या येत नव्हत्या, ती भीमगीतं म्हणायची.

आरोही गेल्यावर कपाटातली डिस्क लावली. तिथंही नुसतं जातं. मुंबईच्या सर्व्हरवर नुसतं जातं. आईच्या निरोपाची पहिली प्रत शोधली. नाही. कुठेच नाही. मशीन सगळीकडे ओके म्हणतंय. खोटं बोलत नाही ते. मीच त्या शनिवारी त्याला हे खरं आहे म्हणून सांगितलं.

सरांना फोन लावला. डोळ्यावर पट्टी आहे, मुलगा म्हणाला, झोपलेत. काही निरोप आहे का? मी म्हटलं, नाही.

२ मार्च, सोमवार

शिमग्यामुळे खालचा दवाखानाही बंद. रस्ता सुना, ऊन कडक. मी दिवसभर ऑफिसातच असते. बंद करून टाकलं होतं काल सगळं, वायर काढून. आज आले तर —

नाही. ते लिहीत नाही.

ठरवलं आहे, खरा निरोप तरी वाचवायचा. फाइल गेली तरी मला पाठ आहे ना! डोक्यातलं कोण पुसणार? हा घ्या, जसाच्या तसा:

‘करू बाय, दार नुसतं लोटून ठेव. मी येतेय. बाकी कोणी नाय. जेवून घे.’

झालं. हाच. रोज झोपताना ऐकायचे मी. आता जिवाला जरा बरं वाटलं.

३ मार्च, मंगळवार

ही वही चाळत होते. पहिल्याच पानावर आईचा निरोप म्हणून काहीतरी कैऱ्यांचं लिहिलंय. अक्षर माझं आहे.

कसल्या कैऱ्या?

दोन्ही पानं शेजारी धरून पुन्हा पुन्हा वाचली. जुळत नाहीत. जे जुळत नाही ते खोटं. पण यातलं कोणतं —

फळीवर कुणाची तरी बरणी आहे. झाकण उघडलं. खारट, आंबूस वास. डोळ्यांत इतकं पाणी का आलं, कळेना. हुंदके आवरेनात. कुणासाठी रडतेय तेच आठवत नाही, आणि रडू थांबत नाही.

एक तोंडात घातली. कुणीतरी फार मायेनं केलंय हे.

४ मार्च, बुधवार

दुपार. ऑफिस. मशीन बंद आहे. वायर माझ्या मांडीवर आहे.

जिन्यातून हाक आली. करू बाय.

एकदा.

रेणुकाताई म्हणतात, थांबायचं. थांबले. खरा माणूस परत मारतो. आई तर चहाला बोलवायची तर दहादा हाका मारायची, शेजारी वैतागायचे. एवढं आहे अजून आठवत. एवढं तरी आहे.

दुसरी हाक नाही.

अजून नाही.

म्हणजे ती नव्हे. बेरीज जुळली नाही. मला कळतंय. सरळ कळतंय. ओ द्यायची नाही —

पण मग माझी आई कुठंय? तिन्ही ठिकाणी नाही. वहीत आहे, ती मला ओळखू येत नाही. जिन्यात आहे ती तरी —

दार नुसतं लोटलेलं आहे. मीच लोटलं का? बांगड्या वाजताहेत.

मार ना गं परत. एकदाच परत. नाही मारणार तू — ठाऊक आहे मला — तरी

ओ, आई. आले. मी जेव