जिन्याखालचा बंदोबस्त

तळमजला, ता. ३

चि. ताईस,
अ. उ. आ. फोनवर मला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की वर बाळ दचकतं, म्हणून हे पत्र जिन्यावर ठेवतोय.

दिवस भरायच्या दोन महिने आधीच आलेल्या आपल्या पाहुणीची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत, आपली साधी सर्दीसुद्धा तिला परत ऑक्सिजनवर नेऊ शकते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी कामाला लागलो. उभी हयात अग्निशमन दलात काय उगाच घालवली? जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकलीय, शेजारी पाण्याचा पाइप. आज तुझी आत्या आली. सर्दी आहे का विचारलं, तर ठणकावून नाही म्हणाली आणि तिथल्या तिथे शिंकली. मी पाणी सोडलं. सध्या ती माझा शर्ट-पायजमा घालून चहा पितेय. माझ्याशी बोलत नाही, पण वरही गेली नाही.

तुझा दक्ष,
बाबा

वरचा मजला, ता. ४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. विषाणू म्हणजे आग नव्हे हो! तो तुमच्या फवाऱ्याला भीक घालत नाही. साबणाने हात धुवा, मास्क लावा आणि आजारी माणसाने लांब राहावं, एवढंच डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आत्याचं एक वेळ ठीक, पण जावयाला का भिजवलंत? शाळेत शिकवतो, म्हणजे दिवसभर वाहत्या नाकांच्या संगतीत असतो, हा काय गुन्हा झाला? काल बिचारा मागच्या खिडकीतून घरात शिरायला गेला आणि अडकला. शेजाऱ्यांनी बाहेरून ढकललं.

बाळ छान आहे. दूध पिता पिता मध्येच थांबते, आणि ती पुन्हा प्यायला लागेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. तुम्ही अजून तिला जवळून पाहिलंही नाहीत. हात धुऊन वर या ना.

लोभ असावा, पाणी नको.
तुमची ताई

अंगण, ता. ५

चि. ताईस,
अ. उ. आ. मी येणार नाही. सकाळपासून घरातल्या एका इसमाचं नाक वाहतंय, आणि तो इसम मीच. आरशापुढे उभं राहून कसून चौकशी केली. उत्तरं उडवाउडवीची मिळाली. तेव्हा स्वतःला घराबाहेर काढून अंगणात तंबू ठोकलाय. पहारा आत्याकडे. चष्मा आणायला मी पायरीवर पाय ठेवला मात्र, तिने लहानपणापासूनची सगळी माया पाइपातून माझ्यावर सोडली. आता आमचं बोलणं सुरू झालंय.

गंमत सोड. मला भीती वाटते गं. तिला घ्यायला हात शिवशिवतात, पण माझ्या शिंकेने त्या एवढ्याशा छातीला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? मी लांबच बरा.

ओलाचिंब,
बाबा

तळमजला, ता. २०

चि. ताईस,
अ. उ. आ. वर असताना तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. बाळाची छाती स्वच्छ आहे आणि माझी सर्दी पार गेलीय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगूनही आत्याने मला कोपरापर्यंत हात घासायला लावले, वर दोन मास्क.

तू बाळ माझ्या हातात दिलंस आणि मी गर्रकन मागे वळलो. हे पळतात की काय, असं तुला वाटलं. तसं नव्हतं. नोकरीत किती पोरं धुरातून बाहेर काढली, पण पोर खाली आणलं की लगेच दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि परत शिडी चढायची. आजही सवयीने घेणारे हात शोधले. हिला कुणाला द्यायचं नाहीये बाबा, तुमच्याजवळच ठेवा, असं तू म्हणालीस, तेव्हा कुठे मी खाली बसलो.

तुझा,
बाबा