व्हरांड्यातला जनरेटर

७ मे

आला एकदाचा जनरेटर! दोन हमालांनी टेम्पोतून उतरवला. यांनी चार माणसांचं काम केलं, म्हणजे सूचना दिल्या. सासूबाईंना दिसावा म्हणून खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. आई म्हणाल्या, "एवढं धूड माझ्या एका नळीसाठी?"

हो, त्या नळीसाठीच. हिवाळ्यात त्यांची फुप्फुसं थकली, तेव्हापासून ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरतंय. नळी काढली की चार पावलांत ओठ निळे पडतात. आणि वीज हल्ली मनाला येईल तेव्हा जाते. छोटा सिलिंडर आहे, पण तो किती पुरणार? मागच्या आठवड्यात वीज येईपर्यंत मी त्याच्या काट्याकडे बघत बसले होते. तसली दुपार पुन्हा नको.

८ मे

इलेक्ट्रिशियनने चेंजओव्हर स्विच बसवला. एका वेळी एकच — बाहेरची वीज, नाहीतर जनरेटरची. यांना तो खर्च वाचवायचा होता. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करायची आणि सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायची, असा यांचा बेत. तो नाही म्हणाला. तसं केलं तर आपली वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते, आणि तिथे दुरुस्तीला कुणी खांबावर चढलेलं असलं तर संपलंच. यांनी वाद न घालता पैसे काढून दिले. असा योग क्वचित येतो.

माहितीपुस्तिका मी वाचली. बाहेर ठेवा, दारं-खिडक्यांपासून लांब. गरम असताना पेट्रोल भरू नका. यांनी ती हातात घेऊन परत दिली. "माहीत आहे मला सगळं."

१२ मे

वीज गेली. जनरेटर सुरू केला, आईंचं मशीन सुरू. मला रडूच आलं, बरं वाटून.

तासाभरात कुंपणावरून शेजारचे मास्तर. निवृत्त झाल्यापासून दुपारची झोप हीच त्यांची नोकरी. "वहिनी, गिरणी घातलीत काय घरात?"

१५ मे

जनरेटर अंगणाच्या टोकावरून मागच्या बंद व्हरांड्यात आणला. स्वयंपाकघराला लागूनच. कारणं तीन — मास्तर, धूळ, आणि गल्लीत कुणाच्या तरी स्कूटरची बॅटरी चोरीला गेली ते. "आणि धूर?" मी विचारलं. यांनी व्हरांड्याच्या दोन काचा सरकवून दाखवल्या. वारा आरपार जातो म्हणे. पुस्तिकेत काय लिहिलंय ते मी म्हणून दाखवलं. तर म्हणे पुस्तिका लिहिणारे स्वतःच्या अंगावर काही घेत नाहीत, म्हणून तसं लिहितात.

मीही फार ताणलं नाही. उन्हात बाहेर जाऊन दोरी ओढायची कटकट गेली, हे खरंच होतं.

१९ मे

दुपारभर वीज नव्हती. डोकं ठणकतंय. मळमळ. यांनाही तसंच, सुट्टीचा दिवस अंथरुणात काढला. ऊन बाधलं असणार.

आई मात्र टवटवीत! पुढच्या खोलीत दार लावून रेडिओ ऐकत होत्या. आम्ही दोघं लोळतोय आणि त्या आम्हाला विचारतायत, बरं आहे ना.

२३ मे

आज पुन्हा तेच. ओट्याशी उभं राहवेना. मी म्हटलं, हा धूरच आहे, जनरेटर बाहेर काढा. यांनी आईंचा ऑक्सिमीटर आणून माझ्या बोटाला लावला. नव्व्याण्णव. स्वतःच्या बोटाला, अठ्ठ्याण्णव. आईंच्या बोटाला, त्र्याण्णव. "बघ. धूर असता तर आधी आईला झाला असता. आकडा खोटं बोलतो का?"

नाही बोलत. या घरात आम्ही दिवसातून दहादा त्याच आकड्यावर विश्वास ठेवून जगतो. मी पुन्हा ओट्याकडे वळले. चष्म्याचा नंबर तपासून घे, असाही सल्ला मिळाला.

२४ मे

वीज गेली नाही. डोकंही दुखलं नाही.

३ जून, हॉस्पिटल

अक्षर म्हणजे मुंग्या सोडल्यासारखं. तरी लिहिते.

परवा सकाळपासून वावटळी उठत होत्या. धूळ येते म्हणून मी व्हरांड्याच्या काचा लावल्या, स्वयंपाकघराचं अंगणाकडचं दारही लावलं. हे ऑफिसात. वीज गेली. जनरेटर सुरू करून मी भाजी चिरायला बसले. पाय माझे राहिले नाहीत, एवढं आठवतं. मग एकदम आकाश दिसलं, आणि मास्तरांचा चेहरा, उलटा.

जनरेटरच्या धुरात एक वायू असतो, डॉक्टर सांगत होत्या. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तोच पटकावतो. आणि बोटावरच्या यंत्राला या दोघांतला फरक कळत नाही, ते त्यालाच ऑक्सिजन समजून मोजतं. म्हणून नव्व्याण्णव! आईंची खोली लांब, दार लावलेलं, वर नाकात नळी, म्हणून त्या सगळ्यात कमी बाधल्या.

हे खुर्चीत बसून होते. "माझं चुकलं" म्हणाले. राग आहे, आणि तो एवढ्यात जायचा नाही. त्यांनी मला शहाणपण शिकवलं याचा नाही. मला पटत नव्हतं, तरी मी त्या आकड्यापुढे मान तुकवली याचा.

४ जून

मास्तर भेटायला आले. आईंच्या हाका ऐकून ते कुंपण ओलांडून आले होते. मी दाराबाहेर पायरीपाशी पडलेली, शेजारी आई नळीशिवाय बसलेल्या, धापेने त्यांना बोलता येईना. जनरेटर त्यांनी बंद केला, रिक्षा त्यांनी आणली. "कमाल तुमची, वहिनी. शुद्ध जाता जाता कडी काढून बाहेर आलात." नर्सही तेच म्हणते. मला यातलं काही आठवत नाही. पण ऐकून जरा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

आईही इथेच आहेत, खालच्या मजल्यावर. मला पडलेलं बघून घाबरून उठल्या, धाप लागली, असं हे म्हणतात.

७ जून

घरी जनरेटर परत अंगणाच्या टोकाला गेला. यांनी आणि मास्तरांनी मिळून उचलला, वर पत्र्याचं छप्पर केलं, चारी बाजू उघड्या. धुराचं तोंड मोकळ्या मैदानाकडे. घरात दोन ठिकाणी तो वायू ओळखणारे अलार्म लावले. मास्तर म्हणाले, वाजू दे दुपारचा कितीही.

हे पुस्तिका घेऊन आले होते. मला वाचून दाखवत होते! मी डोळे मिटून घेतले.

९ जून

उद्या घरी सोडणार. नर्सने माझ्या टाचांची पट्टी बदलली. दोन्ही टाचा मागून सोलवटल्यात. ती म्हणाली, "बरंच ओढत आणलेलं दिसतंय तुम्हाला. कोण होतं?"

खाली आईंकडे गेले. विचारलं. त्यांनी नाकातली नळी सारखी केली, माझ्याकडे बघितलं नाही.

"तुला हाक मारली," म्हणाल्या. "तू ओ दिली नाहीस."