हिट आणि बीट

सोमवार, ३ मार्च
दुभाषी म्हणून पोलीस चौकीत एका शिंपिणीचा जबाब इंग्रजीत उतरवला. ओठ फाटलेला, डावा डोळा सुजून बंद. "नवऱ्यानं मारलं," एवढंच म्हणाली. मी लिहिलं — हिट. जमादार घाईत होते. तिची सही घेतली नि मोकळी झाले.

मंगळवार, ४ मार्च
जेवताना अप्पांना सांगितलं. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस — घास हातातच राहिला. "हिट म्हणजे एक फटका. मारतच राहिला, तर बीट. आपलं 'मारलं' दोन्हीला चालतं, बाळ. किती वेळा मारलं ते विचारलंस?"
नाही विचारलं.

गुरुवार, ६ मार्च
कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं नेमका तोच शब्द धरला. "हिट, साहेब. एकदाच हात उठला, रागाच्या भरात." जामीन झाला.
मला उठून बोलता आलं असतं. दुभाष्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं — या नियमाआड दडून बसले. शिंपीण माझ्याकडे बघत होती. हिनं सगळं नीट सांगितलं असणार, अशा भरवशानं.

रविवार, ९ मार्च
काल दुपारी त्यानं तिला इस्त्रीनं ठेचलं. जबडा दोन ठिकाणी मोडला. तीन बरगड्या. डाव्या हाताची बोटं. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा तो शिवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसला होता. दमून! जमादार सांगत होते, भिंतीवर पार छतापर्यंत रक्त उडालंय.
अप्पांनी माझं भरलेलं ताट उचलून ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, १० मार्च
न्यायाधीशांपुढे उभी राहिले. चूक माझी, असं लिहून दिलं. आमचे साहेब बाहेर आल्यावर म्हणाले, "कुणी विचारलं होतं का तुला? गप्प बसायचं की." संध्याकाळी कामावरून कमी केल्याचं पत्र हातात. शिंपिणीचा नवरा कोठडीत आहे.

बुधवार, १२ मार्च
दवाखान्यात गेले. तिचा जबडा तारांनी बांधलाय. खाटेशी बसून सगळं सांगितलं, माफी मागितली. तिनं उजव्या हातानं कागद ओढला. सावकाश लिहिलं — "ताई, तुम्ही विचारलं असतं तरी मी 'एकदाच' म्हटलं असतं. तो चौकीच्या दाराबाहेर उभा होता."
मग पान उलटलं.
"आता विचारा."