बारसं आणि पंपिंगचा आकडा

सोलापूर,
रविवार, १० मे

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. रोजनिशीत बाकी सगळ्यांविषयी पानंच्या पानं लिहिली. तुझ्यापाशी आलो की पेन ठेवून द्यायचो.

आज रेणू एका बारशाहून आली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या कानात नाव कुणी सांगितलं?"

"शालनआत्यानं," मी म्हणालो. खोटं नाही ते. पण शालन चुलत. सख्खी आत्या तू होतीस ना!

बारशाच्या आधल्या आठवड्यात तू हृदयाची टूडी इको तपासणी करायला माळशिरसहून आलीस. ऐन उन्हाळा, एसटीचा प्रवास, सकाळी लघवीची गोळी घेतलेली, आणि तोंडात पाण्याचा थेंब नाही. कुणी सांगितलं होतं गं? वर मलाच ऐकवलंस, "तपासणी म्हनल्यावर उपाशीच जायचं असतंय की!"

पंपिंग आधीपेक्षा बरंच कमी आलं. डॉक्टर म्हणाले, "अंगात पाणी कमी आहे. हृदयात रक्तच कमी भरलं, तर ते बाहेर तरी किती टाकणार? या आकड्यावरून स्नायूची ताकद ठरवू नका. गोळी कमी करू, पाणी सांगतो तेवढं द्या, मग पुन्हा बघू."

मी मान हलवली. ऐकलं मात्र एवढंच, की आकडा घसरला.

तू परत गेल्यावर फोन केला. "अक्का, बारशाला येऊ नकोस. प्रवास झेपायचा नाही."

"आत्या जित्ती हाय, आन् नाव दुसरी ठेवणार व्हय रं?"

मी हसण्यावारी नेलं. काळजी होती ती, की नुसती भीती? अजून ठरवता येत नाही.

रेणुका हे नाव तूच निवडलेलं. कानात सांगितलं शालननं.

पुढच्या इकोत पंपिंग जवळजवळ पहिल्याइतकं. किती आनंदानं सांगितलं मी! तू रेणूला मांडीवर घेऊन म्हणालीस, "बरं झालं. मग बारसं परत करतूस का?" दाजी खो खो हसले. तू हसली नाहीस.

त्याच हिवाळ्यात तू गेलीस. बारशाला आली असतीस तर वाटेत काही झालंही असतं, कोण जाणे. पण तुला अडवायला माझ्याकडे तो एकच आकडा होता, आणि तो पुरेसा नाही हे मला सांगून झालं होतं.

रेणूला आज मी अर्धंच उत्तर दिलं, अक्का. उरलेलं देईन, शब्द देतो.

तुझा,
बाळू

उद्या : रेणूला तिचं नाव कुणी ठेवलं ते सांगणे.